कुत्र्याचं पान

बाईंच्या फाटकातून आत शिरणाऱ्या प्रत्येकाला पहिला प्रश्न एकच असायचा, "खिशात काय हाय?" मग तो पोस्टमन असो, विजेचं मीटर बघणारा असो की लग्नाची पत्रिका घेऊन आलेला नातेवाईक असो. मी खोली बघायला गेलो तेव्हा मलाही त्यांनी तेच विचारलं. मी कडावच्या शाळेत नवा शिक्षक, हजर होऊन आठवडाही झाला नव्हता. मला वाटलं, घरमालकीण विडी-तंबाखूची चौकशी करतेय. मी ऐटीत सांगितलं की मला कसलंही व्यसन नाही.

"व्यसनाचं कोन इचारतंय, गुरुजी? चॉकलेट, बिस्कीट, च्युइंगम?"

खिशात खोकल्याच्या दोन गोळ्या निघाल्या. बाईंनी कपाळावरचा चष्मा खाली ओढून त्यांची वेष्टनं वाचली, गोळ्या झाकणाच्या डब्यात टाकल्या आणि मगच खोली दाखवली. पायरीवर एक पांढुरका कुत्रा पसरला होता. पिठाच्या गिरणीत लोळून आल्यासारखा दिसायचा म्हणून त्याचं नाव पिठ्या. निघताना बाईंनी माझ्या गोळ्या आठवणीने परत दिल्या. हात धुवायला मात्र आधीच लावलं होतं.

बाई म्हणजे आरोग्य उपकेंद्रातल्या निवृत्त नर्स. नवरा लवकर गेलेला, मुलगी पुण्याला. आसपासच्या वाड्या-पाड्यांवरच्या दोन पिढ्यांच्या दंडावर त्यांच्या सुईची खूण होती. निवृत्त झाल्यावर माणसं कुत्री पाळतात तशी त्यांनी काही पाळली नव्हती. पिठ्या आपणहून आला आणि राहिला. पण त्याच्यामागोमाग बाईंच्या डोक्यात जी काळजी शिरली, ती फक्त पिठ्यापुरती राहिली नाही. गावातली झाडून सगळी कुत्री त्यांची पेशंट झाली. बाई कुत्र्यांना खायला 'घालत' नसत, 'डोस देत' असत. भात आणि भोपळा उकडायचा, मीठ नाही, हाडं काढलेली कोंबडी बोटाने चाचपून घालायची. सुकट दिली तर ती आधी तीन पाण्यांतून काढायची. कांदा चिरला की लिंबाने हात चोळायच्या. पिठ्याने बोट चाटलं तर, ही भीती. कांद्याने कुत्र्याचं रक्त फुटतं, चॉकलेटने काळीज धडधडतं, बिनसाखरेच्या च्युइंगमने तासाभरात आडवा होतो, हे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला चहाबरोबर सांगायच्या. चहा त्यामुळे घशाखाली उतरत नसे.

स्वतःच्या पोटाचं मात्र त्यांना काही नव्हतं. मधुमेह असून चहात दोन चमचे साखर, संध्याकाळी कांदाभजी, सकाळी मशेरी. मी एकदा छेडलं, बाई, पिठ्याचं एवढं बघता, तुमचं कोण बघणार? तर म्हणाल्या, "मला तोंड हाय, गुरुजी. दुखलं तर बोंब मारीन. त्याला काय हाय?"

सोमवारी सकाळी त्यांची फेरी असे. शनिवार-रविवारी आमच्याकडच्या फार्महाऊसांवर मुंबईची मंडळी येतात, वाढदिवस करतात आणि उरलेला केक प्रेमाने कुंपणाबाहेरच्या कुत्र्यांना घालतात. बाई छत्री आणि पिशवी घेऊन एकेक फाटक गाठायच्या, रखवालदाराला बाहेर बोलावून कचऱ्याचा डबा उपडा करायला लावायच्या. एका पाहुण्याला तर त्यांनी त्याच्याच च्युइंगमच्या पाकिटावरची बारीक अक्षरं मोठ्याने वाचायला लावली होती. तो कुठल्यातरी कंपनीत साहेब होता म्हणे. त्याने वाचली, बिचाऱ्याने.

मी मुळातच घाबरट माणूस. गॅस बंद केला की नाही हे बघायला शाळेच्या अर्ध्या वाटेवरून परत येणारा. बाईंच्या घरात राहायला गेल्यापासून माझं जेवण हा एक प्रकारचा गुन्हा झाला. ताटातून शीत सांडलं तरी मी वाकून बघायचो, त्याला फोडणीचा लसूण तर लागलेला नाही? चिवड्यातले बेदाणे मी मोजून खायचो, एखादा पलंगाखाली गेला तर तो मिळेपर्यंत चैन नसे. एका छपराखाली काळजी करणारी दोन माणसं राहिली की काळजी निम्मी होत नाही, दुप्पट होते, हे मला तिथे कळलं.

तरीही जे झालं ते माझ्या हातून झालं.

त्याआधी त्या नियमाबद्दल सांगायला हवं. बाईंनी गावातल्या बायकांना पुष्कळदा बसवून समजावलं होतं. कांदा नको, लसूण नको, शिजवलेली हाडं नकोत, द्राक्षं-बेदाणे नकोत, मसाल्याचा रस्सा नको, दारूत बुडवलेलं तर नकोच. बायका मान हलवायच्या आणि घरी जाऊन मटणाचा रस्सा ओतायच्या. कोण लक्षात ठेवणार एवढं? शेवटी शेजारची सुगंधा, जिच्या नवऱ्याचा दुधाचा टेंपो होता, ती म्हणाली, "म्हंजे देवाला चालतं ते कुत्र्याला चालतं, असंच ना बाई?"

बाई क्षणभर थांबल्या आणि हसल्या. नैवेद्यात कांदा नाही, लसूण नाही, हाड नाही, दारू नाही. तीस वर्षं आरोग्याची पत्रकं वाटून जे साधत नाही ते सुगंधाच्या एका वाक्यात साधलं होतं. "असंच समज," त्या म्हणाल्या. ते वाक्य गावभर झालं. ज्या घरांत आदल्या दिवशीचं कालवण कुत्र्याला जायचं, तिथे सोमवार-गुरुवारचं सोवळ्यातलं ताट जायला लागलं. बाईंना फार बरं वाटलं. मलाही. मला तर पहिल्यांदाच एक नियम असा मिळाला होता की जो पाळला की निर्धास्त राहता येत होतं.

माझे बाबा आदल्या वर्षी गेले होते. पितृपक्षात त्यांच्या तिथीला मला गावी जाता आलं नाही, शाळेत तपासणी होती. फोनवर आई म्हणाली, तिथेच कर, हाताने कर, काही चुकत नाही. तिने एकेक पदार्थ सांगितला. तांदळाची खीर सांगताना थांबली आणि म्हणाली, "बेदाणे मूठभर घाल रे. त्यांना आवडायचे. खिरीतले बेदाणे वेचून आधी खायचे, आठवतं ना?" मला आठवत होतं. तपासणी दहालाच आटपली, मी धावत घरी आलो, सुगंधाने वडे करून दिले, खीर मी स्वतः केली. बारा वाजता तीन पानं मांडली. एक कावळ्याला, एक गाईला, एक कुत्र्याला. आईने बजावलं होतं, पानं हात आखडून वाढू नकोस.

कावळा आला नाही. पाऊस होता, अर्धा तास मी छत्री धरून उभा होतो. पिठ्या मात्र आला. त्याने वडा खाल्ला, भात खाल्ला आणि खीर तर पान फाटेस्तोवर चाटली. खरं सांगतो, मला रडू आलं. बाबा कुणाच्या का तोंडाने होईना, जेवले होते.

बाई त्या दिवशी चष्मा बदलायला कर्जतला गेल्या होत्या. अडीचच्या सुमारास परत आल्या. मी वाटीभर खीर त्यांच्यापुढे ठेवली आणि अभिमानाने सांगितलं की आज पिठ्या बाबांचं पान जेवला, सगळं सोवळ्यातलं. त्यांनी चमचा तोंडात घातला आणि त्या चावायच्या थांबल्या. जिभेने काहीतरी पुढे आणून त्यांनी तळहातावर घेतलं. दुधात फुगलेला बेदाणा होता.

"हे त्याच्याबी पानावर व्हतं?"

मी नुसती मान हलवली. द्राक्षं-बेदाणे मला ठाऊक नव्हते का? होते. पलंगाखालचा बेदाणा शोधणारा मी. पण खीर करताना माझ्या डोक्यात फक्त बाबा होते, आणि पान ठेवताना फक्त नियम.

सुगंधा मिठाचं पाणी घेऊन धावत आली, ओकवू या म्हणाली. बाईंनी भांडं तिच्या हातातून काढून अंगणात ओतलं. मिठाने दुसरंच काहीतरी होऊन बसेल, म्हणाल्या, आणि टेंपो काढायला सांगितलं. कर्जतच्या जनावरांच्या डॉक्टरांपर्यंत पोचेस्तोवर पिठ्या माझ्या मांडीवर आरामात बसून बाहेरची भातशेतं बघत होता. त्याचं ते बरं असणंच मला सहन होत नव्हतं. डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन ओकवलं. बरंच पडलं, पण अडीच-तीन तासांपूर्वीचं खाणं, सगळं कसं येणार? त्यांनी सांगितलं की बेदाण्याने मूत्रपिंडं बंद पडू शकतात, एखाद्या कुत्र्याची दोन-चारांनीही, एखाद्याला काहीच होत नाही. आज रक्त घेतो, तिसऱ्या दिवशी पुन्हा घेतो. तोवर सलाईन, आणि लघवीवर लक्ष ठेवायचं. लघवी थांबली तर ताबडतोब आणायचा. बाई नर्स म्हणून त्यांनी सुई लावून देऊन घरी सोडलं. तान्ह्या पोरांच्या शिरा शोधलेला तो हात, पण त्या दिवशी बाईंनी सुईला हात लावला नाही.

संध्याकाळी मी आईला फोन केला. सांगायला नको होतं, पण माझ्याने राहवलं नाही. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कावळ्यानं शिवलं नाही, कुत्र्यानं ओकलं. म्हणजे तुझे बाबा उपाशीच गेले रे." आणि तिने फोन ठेवला.

पडवीत खिळ्याला सलाईनची बाटली टांगलेली, खाली गोधडीवर पिठ्या, आणि बाई त्याच्या पोटावर हात ठेवून बसलेल्या. मला वाटलं, त्या मला बोलतील. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्यांच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं.

"उद्या तात्यांच्या आईची तिथ हाय," त्या म्हणाल्या. "परवा वरच्या आळीत दोन घरं. मग रोजच हाय कुनाचं ना कुनाचं." गावातलं कोण कधी गेलं हे त्यांना पाठ होतं, कारण बहुतेकांच्या उशाशी त्याच होत्या. पंधरवडा नुकताच सुरू झाला होता. रोज एका तरी घरात खीर शिजणार, कुत्र्याचं पान निघणार, आणि सगळे निर्धास्त, कारण देवाला चालतं ते कुत्र्याला चालतं.

सकाळी सातला त्यांनी मला तात्यांकडे पाठवलं. पिठ्याने तोवर लघवी केली नव्हती, म्हणून त्यांना उठवत नव्हतं. तात्या म्हणजे गावातले जुने शेतकरी, आवाज खणखणीत. मी सांगितलं की कुत्र्याच्या पानात बेदाणे नकोत, ते विषारी असतात. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बाईंनीच तर सांगितलंय गावाला. तुमी नवे हाव, गुरुजी." मी म्हटलं, बाईच म्हणताहेत. तर म्हणाले, बाई असं म्हणायच्या नाहीत, त्या कधी चुकल्यात? मी हात हलवत परत आलो.

बाईंनी ऐकलं, पिठ्याच्या पोटावर माझा हात ठेवला आणि छत्री उघडली. पायात चपला वेगवेगळ्या होत्या, ते त्यांना मी सांगितलं नाही.

त्या गेल्या आणि मी पिठ्याकडे बघत बसलो. बाटली संपत आली होती. एवढं पाणी आत गेलं ते कुठे गेलं? मी त्याच्या कानात काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही, बाबांशीही थोडं बोललो. अकराच्या सुमारास तो उठून उभा राहिला, तीन पायांवर लटपटला आणि त्याने माझ्या पँटवर लघवी केली. थोडीथोडकी नाही. गुडघ्यापासून खाली पँट चिंब झाली, आणि मी त्याचं डोकं धरून हसत होतो. सुगंधाला हाक मारून त्याच्याजवळ बसवलं आणि तसाच तात्यांच्या घराकडे धावलो.

तिथे बाई उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या, मान खाली. आत भटजी आलेले, भावकी जमलेली. तात्यांचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. "आमच्या आईच्या पानाला विख म्हनता? तिच्या तोंडात शेवटचं पानी तुमी घातलं, आनि आज तुमी असं बोलता?"

"विख नाय म्हनत, तात्या. मी चुकले म्हनते. गावाला सोप्पं करून सांगितलं ते मी चुकले."

मी मागून ओरडलो, "बाई, मुतला."

श्राद्धाच्या घरात शाळेचे गुरुजी हे वाक्य बोलले. भटजींनी डोळे मिटले. तात्यांनी विचारलं, कोण मुतला? मी माझी पँट दाखवली. बाई वळल्या, पँटकडे पाहिलं, वाकून ओल्या कापडाला हात लावला, रंग बघितला, आणि तिथेच तात्यांच्या ओट्यावर बसून तोंडाला पदर लावला. चाळीस वर्षांत त्यांना रडताना गावात कुणी पाहिलं नसावं. पिठ्याचं काय झालं ते मी थोडक्यात सांगितलं, बाबांच्या पानासकट. बाई पदराआडून म्हणाल्या, खिरीत बेदाणे घाला, आईला आवडत असतील तर दोन मुठी घाला, फक्त कुत्र्याची पळी आधी काढा. तात्यांनी आत वळून सुनेला हाक मारली आणि म्हणाले, "काढ गं एक पळी बाजूला. बाई म्हनतात तसं."

त्यानंतर बाई घरोघर हिंडल्या. प्रत्येक उंबऱ्यावर आधी 'मी चुकले' आणि मग पळीचं. काही घरी पाणी मिळालं, काही घरी कुजकट हसू.

तिसऱ्या दिवशी रक्ताचे आकडे सरळ आले. बाईंनी डॉक्टरांना विचारलं, ओकवलं नसतं, सलाईन लावलं नसतं, तरी वाचला असता का? डॉक्टर म्हणाले, असताही, सांगता येत नाही. परतीच्या टेंपोत मी विचारलं, इतके दिवस विचारीन म्हणत होतो, बाई, तुमचं एखादं कुत्रं असं गेलं होतं का आधी? त्यांनी नाही म्हटलं. "एकबी नाय गेलं. गेलं असतं तर कळलं असतं, आपली भीती खरी हाय. गोवराची सुई टोचली, पोराला गोवर झाला नाय. टोचली म्हनून नाय झाला, का व्हनारच नव्हता, कोन सांगनार? जलमभर हेच केलं मी, गुरुजी. न झालेल्याची राखन." पिठ्या दोघांच्या मध्ये झोपला होता.

सर्वपित्रीला त्यांनी मला सकाळी बोलावलं. ज्यांचं पान राहिलं त्यांचं आज होतं, म्हणाल्या, आणि स्वतः खीर करायला बसल्या. कुत्र्याची पळी आधी काढली, ती त्यांनी बोटांनी शीत न् शीत चाचपली, नुसता भात आणि दूध, जेमतेम गूळ. मग उरलेल्या खिरीत माझ्या हाताने मूठभर बेदाणे घालायला लावले. कावळ्याचं पान मी कुंपणावर ठेवलं आणि मागे सरकायच्या आत कावळा उतरला. त्याने पहिला बेदाणा उचलला. आईला फोन लावायला माझा हात खिशाकडे गेला, पण अजून एक पान राहिलं होतं.

कुत्र्याचं पान मी अंगणात ठेवलं. पिठ्या धावला आणि अर्ध्यावर अडकला. बाईंनी त्याच्या गळ्यातला पट्टा धरला होता. तो ओढत होता, जीभ बाहेर काढून पानाकडे बघत होता.

"बाई, सोडा."

"सोडते."

त्यांनी सोडलं नाही. मी पुन्हा म्हटलं. त्या म्हणाल्या, "सोडतेय, गुरुजी. हातच सुटत नाय." मी खाली बसलो आणि त्यांची बोटं एकेक करून पट्ट्यावरून सोडवली. गार पडली होती. शेवटचं बोट सुटलं तसा पिठ्या पानावर तुटून पडला. बाईंनी पाठ फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"खाल्लं?"

"खाल्लं, बाई. सगळं खाल्लं."

"आता तीन दिवस," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, अहो, त्यात काहीच नव्हतं, तुम्ही स्वतः चाचपलंत. त्या भिंतीकडे बघतच म्हणाल्या, "नव्हतंच. तरी तीन दिवस बघायचं." मग मी आत जाऊन गोधडी आणली, पडवीत अंथरली, आणि आम्ही दोघं बसलो.